तुर्भ्याचें वीजगृह: एक दुर्लक्षित साधन

जुन्या दप्तरांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस कोळसा व वायु यांवर चालणाऱ्या वीजगृहाची हकीकत अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु एकाच पोथींत निरनिराळ्या काळीं झालेलीं शोधनें जशीं अक्षरवळणावरून ओळखतां येतात, तसे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील तुर्भें, म्हणजे ट्रॉम्बे, येथील वीजगृहाचे संच त्यांच्या इंधनावरून ओळखतां येतात. म्हणून साधन या दृष्टीनें त्याचा विचार करणें आम्हांस युक्त वाटतें.

टाटांची वीज मुंबईस प्रथम मिळाली ती पाण्यापासून. खोपोलीचें वीजगृह 1915 सालीं, भिवपुरीचें 1922 सालीं व भिऱ्याचें 1927 सालीं सुरू झालें. पुढें शहराची मागणी इतकी वाढली कीं, सर्व भार पर्जन्यावर ठेवणें शक्य राहिलें नाहीं. तेव्हां 1956 सालीं तुर्भें येथें वाफेचें वीजगृह सुरू झालें. जागेची सोय उघड आहे: एका बाजूस खाडीचें पाणी, दुसऱ्या बाजूस नुकतेच निघालेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने.

वाफेवर वीज करण्याची रीत अशी. कोळशाची भुकटी हवेच्या झोताबरोबर भट्टींत फुंकतात. तिच्या उष्णतेनें नळ्यांतील पाण्याची जबर दाबाची वाफ होते. ('वाफ' हा शब्द संस्कृत 'बाष्प' याचाच वंशज होय.) ही वाफ चक्राच्या पात्यांवर आदळून तें मिनिटास 3000 फेरे फिरवितें, व त्याच दांड्यावरील जनित्रांत वीज उत्पन्न होते. काम झालेली वाफ समुद्राच्या पाण्यानें निवविलेल्या नळ्यांवर थिजून पुन्हां पाणी होते आणि भट्टीकडे परतते. समुद्राचें पाणी तींत मिसळत नाहीं. तें केवळ उष्णता वाहून नेतें.

आतां संचांची साक्ष पाहूं. 1974 सालीं मुंबई हाय येथें समुद्रतळाशीं तेल सांपडलें, व त्यासोबत वायुही मिळूं लागला. 1984 सालचा पांचवा संच 500 मेगावॅटचा, त्या शक्तीचा भारतांतील पहिला. तो कोळसा, तेल व वायु हीं तिन्ही इंधनें घेऊं शकतो. ज्या काळीं कोणत्याच एका इंधनाचा भरंवसा नव्हता, त्या काळाची ही खूण होय. 1990 सालचा सहावाही 500 मेगावॅटचा. पण त्याचा आधार मुख्यतः तेल, आणि तें महागल्यावर तो चालविणें परवडेनासें झालें. 1993-94 सालचा सातवा 180 मेगावॅटचा असून केवळ वायूवर चालतो. 2009 सालच्या आठव्या, 250 मेगावॅटच्या संचानें मात्र पुन्हां कोळशाची वाट धरली.

सातव्याची रचना विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्यांत वायु जाळून होणारी तप्त हवाच पहिलें चक्र फिरविते. बाहेर पडतांनाही ती अतिशय उष्ण असते. म्हणून तिजवर पाणी तापवून वाफेचें दुसरें चक्र फिरवितात. 120 मेगावॅट पहिल्याचे, 60 दुसऱ्याचे. एका इंधनाचें असें दोनदां काम होतें.

कोळशाच्या धुरांतील गंधक हा शहराजवळच्या वीजगृहाचा मोठा दोष. समुद्राचें पाणी किंचित् क्षारधर्मी असल्यानें त्यानें धूर धुतला असतां गंधकाचा अंश त्यांत उतरतो. भारतांत ही योजना प्रथम येथेंच अमलांत आली.

12 ऑक्टोबर 2020 रोजीं वीजपुरवठा खंडित होऊन मुंबई अंधारांत गेली, लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. अशा दिवसाचा खरा इतिहास वर्तमानपत्रांपेक्षां वीजगृहाच्या नोंदींतून निघतो: कोणत्या क्षणीं कोणता संच थांबला, भार किती होता, पुन्हां केव्हां चढविला. पेशवे दप्तरांतील रोजकीर्दीस आपण जें मोल देतों, तेंच या नोंदींस द्यावयास हवें.

संच जुना झाला कीं लोखंड मोडींत जातें. त्याबरोबर आराखडे, नोंदवह्या व दुरुस्तीचे कागद रद्दींत जाण्याचें भय असतें. कोणा निवृत्त कामगाराच्या घरीं अशी वही आढळल्यास संग्राहकांनीं ती हिशेबाची चोपडी समजून टाकूं नये, एवढीच आमची विनंति. शंभर वर्षांनीं आपल्या शहराचा उजेड कोठून येत असे, हें सांगणारा दुसरा साक्षी कदाचित् उरणार नाहीं.