नाचणे आणि नटणे: दोन क्रियापदं, एक मूळ



पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "गृहीतक तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" मी विज्ञान शाखेची, पण आज उदाहरण भाषेतलं घेते. त्याला ना यंत्र लागतं, ना केमिकल.

आपलं गृहीतक असं: 'नाचणे' आणि 'नटणे' ही दोन्ही क्रियापदं संस्कृतमधल्या 'नृत्' या एकाच धातूपर्यंत जातात. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात या धातूचा अर्थ दिलाय तो अंग, हातपाय इकडेतिकडे फेकणं असा. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत आपण करतो तेच!

आता कोणी म्हणेल, "दोन्ही 'न'ने सुरू होतात, अर्थही जवळचे. झालं की सिद्ध!" नाही झालं. साम्य योगायोगानेही येतं. 'बदनाम'मधला 'बद' फारसी आहे. इंग्रजीतल्या 'बॅड'शी त्याचा अर्थ जुळतो, उच्चारही जुळतो, पण दोघांचा काही संबंध नाही. साम्य उसनवारीनेही येतं. ब्रिटिश काळात इंग्रजीत 'नॉच' हा शब्द गेला, तो इथलाच 'नाच'.

मग पुरावा कशाला म्हणायचं? बदल नियमाने झालाय आणि तोच नियम इतर शब्दांतही दिसतो, हे दाखवावं लागतं. 'नृत्यति'चं प्राकृतात 'णच्चइ' झालं आणि त्यातून मराठी 'नाचणे' आलं. (सुरुवातीच्या 'ण'च्या जागी मराठीत 'न' येतो.) या प्रवासात तीन पायऱ्या आहेत:

१. 'ऋ'चा 'अ' होतो. तृण → तण, कृष्ण → कण्ह → कान्हा.

२. त, द, ध यांना 'य' जोडला की च, ज, झ होतात. सत्य → सच्च, अद्य → अज्ज → आज, संध्या → संझा → सांज.

३. जोडाक्षर सुटं झालं की आधीचा स्वर लांबतो. हस्त → हत्थ → हात, कर्म → कम्म → काम, सप्त → सत्त → सात.

हात, सांज, तण यांचा नाचाशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच त्यांची साक्ष महत्त्वाची. प्रयोगात आपण कंट्रोल ठेवतो, तसंच हे.

'नटणे'ची वाट वेगळी. 'ऋ'च्या प्रभावाने पुढच्या 'त'चा 'ट' होतो. हा बदल इतका जुना की त्याची रूपं खुद्द संस्कृतात शिरली. 'विकृत' आणि 'विकट' ही जोडी बघा. तसाच 'नृत्'चा 'नट्' झाला, त्यातून नट, नाटक आले. नट सोंग घेतो, सोंगासाठी सजतो. मराठीत 'नटणे' म्हणजे सजणं, आणि 'नटणं-मुरडणं' म्हटलं की जुनी हालचालही परत येते, जरा दिखाऊ होऊन!

आता परीक्षकाचा प्रश्न: "नियम इतका पक्का, तर मराठीत 'नृत्य' शब्द तसाच कसा राहिला?" तो राहिला नाही, पुन्हा आणला गेला. 'नाच' बोलण्यातून झिजत आला, 'नृत्य' थेट संस्कृतातून घेतला. म्हणून आपण 'शास्त्रीय नृत्य' म्हणतो, पण वरातीत 'नाच'च असतो. अपवाद दिसला की तो लपवायचा नाही. त्याला स्वतंत्र कारण आहे का, ते शोधायचं. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडं!

झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठीच्या घडणीवर १९२० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागेही हीच शिस्त आहे: एकेका शब्दामागे न धावता ध्वनीबदलाचे नियम मांडायचे.

तुमचा विषय कुठलाही असो, सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला फक्त साम्य दिसतंय की नियम? तो नियम माझ्या उदाहरणाबाहेर चालतो का? आणि जिथे चालत नाही, तिथे का नाही? व्हायव्हात हे विचारले जातातच. आधी आपणच विचारलेले बरे.