चोवीस विजेतेपदं, पाच विद्यापीठं

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा 2001 साली सुरू झाली. कोरोनामुळे 2020 साल वाया गेलं, ते सोडलं तर 2025पर्यंत चोवीस विजेतेपदं दिली गेली आणि ती सगळी पाच विद्यापीठांनी आपसांत वाटून घेतली. विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, मिनेसोटा-डुलुथ पाच, क्लार्कसन तीन, ओहायो स्टेट दोन. ज्या हार्वर्डच्या नावापुढे आपण मान तुकवतो, ते 2003, 2004 आणि 2005 असे लागोपाठ तीन अंतिम सामने हरलं, आणि 2015 साली चौथाही.

गुणी मुली काही पाचच ठिकाणी जन्माला येत नाहीत. मग चषक तिथेच का जातो? या प्रश्नाचं उत्तर रिंकवर कमी आणि विद्यापीठांच्या हिशेबाच्या वह्यांत जास्त सापडतं, असं माझं मत आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. दोनशे फूट लांब, पंचाऐंशी फूट रुंद बर्फाची रिंक. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. चेंडूऐवजी पक, म्हणजे घट्ट रबराची जेमतेम 170 ग्रॅमची चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. दमछाक एवढी होते की मिनिटभरात खेळाडू बाहेर येते आणि दुसरी आत उडी घेते, खेळ न थांबवता. पुरुषांच्या खेळात अंगावर जाऊन धडक मारणं हा डावपेच असतो. मुलींच्या खेळात तशी धडक नियमाबाहेर आहे, त्यामुळे पास देण्याची अचूकता आणि पायातला वेग यांवर सामना ठरतो. ज्याला नजाकत बघायची आहे त्याने मुलींचे सामने बघावेत.

शेवटच्या चार संघांच्या फेरीला ‘फ्रोझन फोर’ म्हणतात. मार्च महिन्यात, एकाच गावी, एकाच शनिवार-रविवारच्या आसपास उपांत्य आणि अंतिम सामने उरकतात. मुलांची अशी स्पर्धा 1948 सालापासून चालू आहे. मुलींना 53 वर्षं थांबावं लागलं. त्या तोवर खेळत नव्हत्या असं मुळीच नाही. ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठात मुलींचा संघ 1960च्या दशकातच उभा राहिला होता. 1972 साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. त्या एका वाक्याने अमेरिकेतल्या मुलींच्या खेळाचं नशीब पालटलं, पण आइस हॉकी महागडी. रिंक, गारेगार इमारत, दहा प्रकारचं संरक्षक सामान. ती रांगेत मागेच राहिली. 1998 साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आइस हॉकी पहिल्यांदा आली आणि अमेरिकेने अंतिम सामन्यात कॅनडाला 3-1 हरवलं. त्यानंतर मात्र कुणाला टाळाटाळ करणं जमेना. तीन वर्षांत राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

पहिलं विजेतेपद लेक सुपीरियरच्या काठावरच्या डुलुथ या गावाने नेलं, आणि ती कहाणी सांगण्याजोगी आहे. तिथला मुलींचा संघ तेव्हा जेमतेम दुसऱ्या हंगामात होता. प्रशिक्षक शॅनन मिलर नागानोत कॅनडाच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. आसपासच्या मुली कमी पडतात म्हटल्यावर त्या थेट स्वीडन-फिनलंडपर्यंत पोचल्या आणि तिथल्या राष्ट्रीय संघातल्या मुली शिष्यवृत्ती देऊन घेऊन आल्या. स्वीडनची मारिया रूथ ही त्यांतली ठळक. 2001 साली सेंट लॉरेन्स विद्यापीठाला 4-2 हरवून डुलुथ जिंकलं, मग 2002, मग 2003. तिसऱ्या वर्षी घरच्याच मैदानावर दुसऱ्या जादा वेळेत हार्वर्डला 4-3 असं नमवलं. 2010 साली कॉर्नेलविरुद्धचा अंतिम सामना तर तिसऱ्या जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटापर्यंत ताणला गेला आणि 3-2 असा संपला. साधा सामना साठ मिनिटांचा. हा जवळपास दुप्पट चालला.

पाच विजेतेपदं देणाऱ्या याच मिलरबाईंना डिसेंबर 2014 मध्ये विद्यापीठाने कळवलं की करार पुढे वाढवायचा नाही. कारण पैशाचं सांगितलं गेलं. त्या कोर्टात गेल्या. 2018 साली ज्युरीने स्त्री म्हणून त्यांच्याशी भेदभाव झाल्याचा निर्वाळा दिला आणि 37 लाख 40 हजार डॉलर भरपाई ठरवली. डुलुथच्या खात्यात 2010नंतर एकही विजेतेपद जमा झालेलं नाही.

ज्यांनी हात आखडता घेतला नाही, त्यांचं काय झालं तेही पाहा. मिनेसोटा विद्यापीठाने 2002 साली मिनिआपोलिसमध्ये रिडर अरीना बांधली. खास मुलींच्या महाविद्यालयीन हॉकीसाठी बांधलेलं अमेरिकेतलं हे पहिलं रिंक-सभागृह. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांचा सराव आटोपल्यावर उरलेल्या वेळेत मुलींनी बर्फावर उतरायचं, अशी रीत होती. पुढे 2004 ते 2016 या काळात मिनेसोटाने सहा चषक उचलले. त्यांचा 2012-13चा हंगाम म्हणजे 41 सामने, 41 विजय. गोलात फिनलंडची नूरा रॅटी उभी होती.

शेजारच्या विस्कॉन्सिनने 2002 साली मार्क जॉन्सन यांच्या हाती संघ दिला. 1980च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पोरसवदा संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं, त्यातले दोन गोल याच जॉन्सन यांचे. एवढा नावाजलेला माणूस मुलींच्या संघाला शिकवायला आला आणि पुढची दोन दशकं तिथेच रमला. 2012 साली मॅडिसनमध्ये त्यांच्या मुलींना स्वतःची रिंक मिळाली. 2017 साली मिनेसोटाविरुद्धच्या एका सामन्यासाठी त्यांनी मोठं कोल सेंटर उघडलं, तेव्हा 15,359 प्रेक्षक जमले. मुलींची हॉकी बघायला येतंय कोण, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

2025चा अंतिम सामना रिडर अरीनातच झाला. विस्कॉन्सिन आणि ओहायो स्टेट सलग तिसऱ्या वर्षी समोरासमोर होते. ओहायो 3-2ने पुढे, घड्याळात 18.9 सेकंद. गोलासमोरच्या झटापटीत ओहायोच्या खेळाडूने पक हाताखाली दाबला, असा आक्षेप विस्कॉन्सिनने घेतला. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि पेनल्टी शॉट दिला. कर्स्टन सिम्स एकटी गोलरक्षकावर चालून गेली आणि तिने बरोबरी साधली. जादा वेळेत तीन मिनिटंही झाली नव्हती, तोच विजयी गोलही तिनेच मारला. पटकथेत लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं.

या स्पर्धेत सुरुवातीला चारच संघ खेळत. 2005 साली आठ झाले. 2021 साली बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींना मोजके डंबेल दिल्याची चित्रफीत एका खेळाडूने जगाला दाखवली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. सगळ्याच खेळांतल्या वागणुकीची चौकशी झाली. 2022पासून मुलींच्या हॉकीत अकरा संघ आले. मुलांच्या स्पर्धेत सोळा असतात.

आपल्याकडे आइस हॉकी म्हटलं की लडाख. तिथल्या मुली गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झाल्या आणि 2025 साली भारताच्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. वर्षभर टिकणाऱ्या बर्फाची वाट त्यांनीही बघितली. तेव्हा हा प्रश्न निव्वळ अमेरिकेचा नाही.

पैशाचा निर्णय उलटा फिरला की काय होतं, हे अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्स गावात कळतं. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने मार्च 2017मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली मुलींचा हॉकी संघच बंद केला. याच संघाने काही वर्षांपूर्वी मिनेसोटाची सलग 62 विजयांची मालिका तोडली होती. वर्षही उलटलं नव्हतं, तोच फेब्रुवारी 2018मध्ये प्योंगचांग ऑलिंपिकचा अंतिम सामना आला. अमेरिकेची बरोबरी मोनिक लामुरूने साधली, आणि निर्णायक शूटआउटमध्ये विजयी गोल मारला तिची जुळी बहीण जोसेलीनने. दोघी ग्रँड फोर्क्सच्या, दोघी त्याच बंद पडलेल्या संघातून घडलेल्या. दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून बांधलेल्या तिथल्या राल्फ एंगेलस्टॅड अरीनात मुलांचे सामने आजही होतात. मुलींचा संघ पुन्हा सुरू झालेला नाही.