आजीच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया : 'ग्रेडिंग'चे पैसे भरण्याआधी हे वाचा

गेल्या काही महिन्यांत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच धाटणीचे व्हिडिओ फिरताहेत. घरात जुनं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील, फक्त आधी त्याचं 'ग्रेडिंग' करून घ्या, त्याची फी अमुक इतकी. ग्रेडिंग ही खरी गोष्ट आहे, थोतांड नाही. पण आपल्याकडच्या शंभरातल्या बहुतेक नाण्यांना त्याची काडीची गरज नसते.

आधी हे असतं काय ते बघू. तज्ज्ञ माणसं नाणं तपासतात, खरं की नकली ते ठरवतात आणि १ ते ७० मध्ये अंक देतात. ६० च्या पुढचा अंक म्हणजे बाजारात हाताळलं न गेलेलं, कोरं नाणं. मग ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद होतं आणि त्यावर नंबर येतो. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून कुणालाही खात्री करता येते. अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या दोन कंपन्यांचं नाव यात मोठं. थोडक्यात, ग्रेडिंग हा नाण्याचा दाखला आहे. दाखल्यानं झिजलेलं नाणं नवं होत नाही, की मुबलक नाणं दुर्मिळ होत नाही.

आता आपल्या घरातला रुपया घ्या. १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. सोनाराच्या काट्यावर वजन करा (झिजेनं थोडं कमी भरेल, पण बरंच कमी भरलं तर शंका घ्या). चुंबक लावून बघा. चांदी चिकटत नाही. १९४७ चा वाघाचा रुपया मात्र चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. तो नकली समजून फेकू नका, आणि लाखाचा समजून उराशी धरूनही बसू नका.

साल बघून हुरळून जाऊ नका. १८६२ चे रुपये रग्गड सापडतात, कारण नाण्यावर तेच साल ठेवून टांकसाळीनं पुढं कित्येक वर्षं रुपये पाडले. झिजलेला राणीछाप किंवा पंचम जॉर्जचा साधा रुपया बहुधा चांदीच्या भावाच्या आसपासच जातो. तांब्याच्या साध्या शिवराईचंही तेच, भरपूर मिळते, फी नाण्यापेक्षा जड होते.

मग ग्रेडिंगला काय पाठवावं? उदाहरणार्थ १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सरकारनं नाणी परत घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. असा रुपया ठसठशीत असेल तर दाखला कामाला येतो. दुसरा १९३९ चा मुंबई टांकसाळीचा रुपया. हा खरोखर दुर्मिळ, आणि म्हणूनच याच्या नकलाही फार. १९३८ चा शेवटचा आकडा कोरून ३९ केलेले रुपये फिरतात. इथं अंकापेक्षा खरं-खोटं ठरणं महत्त्वाचं.

हिशेब सोपा आहे. समजा फी, विमा, कुरिअर मिळून ३,००० रुपये खर्च येतो. तसंच नाणं आधीच्या लिलावांत ग्रेडिंगशिवाय ४,००० ला आणि ग्रेडिंगसह ५,००० ला गेलं असेल, तर तुम्ही २,००० घालवले. नाणी विकणाऱ्या लिलावसंस्थांचे जुने निकाल मोबाइलवर फुकट बघता येतात. मागणारा किती मागतो ते सोडा, विकलं कितीला ते बघा.

आणि एक, नाणं घासू नका! लक्ष्मीपूजनाला चिंच, राख नाहीतर पितांबरीनं लख्ख केलेला रुपया देवाला शोभतो, पण तपासणाऱ्याला भिंगाखाली बारीक ओरखडे लगेच दिसतात. अशा नाण्याला बहुतेक वेळा अंक मिळतच नाही, 'खरं, पण साफ केलेलं' एवढाच शेरा येतो. माळेत ओवण्यासाठी कडी डागलेल्या किंवा भोक पाडलेल्या रुपयांचीही तीच गत. ती कडी काढायला सोनाराकडं पळू नका, डाग राहतोच. माळ माळ म्हणूनच ठेवलेली बरी.

राम दरबार किंवा हनुमान असलेलं, 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेलं नाणं तर कुठंही पाठवू नका. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची गोष्टही निव्वळ फसवणूक.

कायद्याचं म्हणाल तर १०० वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते स्वतःहून परदेशी कुरिअर करणं गुन्हा आहे. एजंट 'अमेरिकेला पाठवतो' म्हणाला तर आधी नाण्याचं साल बघा. तपासणी देशातच होत असेल, तर त्या कंपनीचा दाखला लिलावात चालतो का, हे लिलाववाल्यांनाच विचारा.

रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कुणी कमिशन किंवा कर मागितला तर फोन ठेवून द्या. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपण कसलंही शुल्क घेत नाही, असं बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.

नांगरताना किंवा पाया खणताना मडक्यात नाणी लागली, तर ग्रेडिंगचा विचार नंतर. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तहसील कार्यालयात अर्ज दिलात तर पोच घ्यायला विसरू नका, आणि सापडलेली नाणी धुवू नका, मातीसकट तशीच ठेवा.