लढाई जिंकली, आता हिशेब

बहुतेक व्हिडिओ गेम्समध्ये लढाई जिंकली की तुताऱ्या वाजतात. ‘आर्मर्ड कोअर’मध्ये लढाई जिंकली की हिशेब समोर येतो. ठरलेला मोबदला इतका. त्यातून झाडलेल्या गोळ्यांचे पैसे वजा, यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च वजा, उरलं ते खात्यात जमा. आणि दर वेळी काही उरतंच असं नाही. दोन टिनपाट शत्रूंवर महागडी क्षेपणास्त्रं उधळली असतील, तर मोहीम फत्ते होऊनही आकडा उणे निघतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे इतक्या रोखठोकपणे दाखवणारा दुसरा गेम सापडणं कठीण.

फ्रॉम सॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा हा गेम सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर जुलै १९९७मध्ये आला. आपल्याकडे त्या सुमारास ज्या घरात व्हिडिओ गेम असे, तिथे बहुधा ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’च्या कॅसेटी चालत. पाठीवर तोफ घेतलेल्या, गुडघे उलटे वळणाऱ्या यंत्रमानवाची ही गोष्ट फार थोड्यांच्या कानावर आली असेल. आज तो पुन्हा खेळायला घेतला तर चित्रं जुनी झाल्याचं पहिल्या मिनिटात कळतं. हिशेब मात्र अजूनही तितकाच बोचतो.

माणूस आत बसून चालवतो त्या अजस्र यंत्राला जपानी मंडळी ‘मेका’ म्हणतात. गो नागाई यांच्या ‘मझिंगर झेड’नं १९७२मध्ये ही कल्पना घराघरांत नेली. तो यंत्रमानव जवळजवळ देवासारखा होता, एकमेव आणि अजिंक्य. १९७९मध्ये योशियुकी तोमिनो यांच्या ‘गंडाम’नं त्याला लष्करात भरती केलं. आता यंत्रमानव कारखान्यात घाऊक तयार होऊ लागले, त्यांचा दारूगोळा संपू लागला, आत बसलेली पोरं घाबरू लागली. र्योसुके ताकाहाशी यांची १९८३ची ‘व्होटम्स’ ही मालिका त्याही पुढे गेली. तिथली यंत्रं म्हणजे स्वस्तात बनवायची आणि मोडली की टाकून द्यायची वस्तू. ‘आर्मर्ड कोअर’ याच घराण्यातला आहे. त्यातल्या यंत्रांचं रेखाटन शोजी कावामोरी यांनी केलं. १९८२च्या ‘मॅक्रॉस’मधलं विमानाचा यंत्रमानव होणारं यंत्र त्यांच्याच कल्पनेतलं. यंत्राचा कुठला भाग कुठे वळेल, काय कशाला जोडता येईल, याचा विचार करणारा हा कलावंत. सुट्या भागांवर बेतलेल्या गेमला असाच माणूस हवा होता.

कंपनीचा पूर्वेतिहासही गमतीचा. १९८६मध्ये नाओतोशी झिन यांनी ती स्थापन केली तेव्हा फ्रॉम सॉफ्टवेअर कार्यालयीन कामकाजाची सॉफ्टवेअर बनवत असे. तिचा पहिला गेम ‘किंग्ज फील्ड’ आला तो थेट १९९४च्या डिसेंबरात, प्लेस्टेशन बाजारात आल्यावर. जमाखर्चाच्या पडद्यावर इतकं प्रेम असण्यामागे हेच कारण आहे, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण तसं मानायचा मोह होतो खरा.

गेमचा जीव रणांगणाइतकाच गॅरेजमध्ये आहे. डोकं, धड, हात, पाय, जनरेटर, बूस्टर, नेम धरणारी संगणकीय यंत्रणा, हातातली आणि पाठीवरची शस्त्रं, सगळं सुटं विकत मिळतं. प्रत्येक भागाला वजन असतं आणि बहुतेक भाग वीज खातात. पाय ठरावीक ओझंच पेलतात, जनरेटर ठरावीक वीजच पुरवतो. जाड चिलखत घेतलं की यंत्र रखडत चालतं. हलकं केलं की चार गोळ्यांत खाक. पायांचेही प्रकार आहेत. दोन पायांचं यंत्र चपळ, पण पाठीवरची मोठी तोफ डागायची तर त्याला थांबून गुडघा टेकावा लागतो, आणि तेवढ्यात समोरचा आपलं काम उरकून घेतो. चार पायांचं किंवा रणगाड्यासारख्या पट्ट्यांवरचं यंत्र चालता चालता तोफ डागतं. त्याची किंमत ते वेगळ्या मार्गानं मोजतं.

उड्डाणाचंही तसंच. बूस्टर दाबून धरला की ऊर्जेची पट्टी झरझर उतरते. ती पूर्ण संपली की यंत्राला काही क्षण उडता येत नाही. हे क्षण नेमके शत्रूसमोरच येतात. कोणतं शस्त्र घ्यायचं याचा निर्णयही शेवटी पैशांपाशी येतो. क्षेपणास्त्रांचा प्रत्येक नग मोजला जातो, पण ऊर्जेच्या तलवारीला दारूगोळा लागतच नाही. त्यामुळे कंजूष खेळाडू हळूहळू उत्तम तलवारबाज होतो. एका बाबतीत मात्र दुकानदार कमालीचा उदार आहे. घेतलेला भाग नको वाटला, तर तो घेतल्या किमतीलाच परत जातो. जुन्या बाजारात अशी मेहेरबानी कुणी करत नाही, पण त्यामुळेच दहा तऱ्हेची यंत्रं जुळवून पाहायला हात धजावतो.

हे सगळं चालतं जमिनीखाली. महाविनाशानंतर माणसं भूगर्भातल्या शहरांत राहतात, सरकारं उरलेली नाहीत आणि क्रोम व मुराकुमो या दोन बलाढ्य कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या आहेत. खेळणारा असतो ‘रेव्हन’, म्हणजे पैसे देईल त्याच्यासाठी लढणारा भाडोत्री लढवय्या. त्याला कामं येतात ई-मेलनं: मालगाडीचं रक्षण करा, किडे माजलेत ते मारा, कारखाना अडवून बसलेल्या संपकऱ्यांना संपवा. भाषा सरकारी निविदेसारखी कोरडी आणि खाली रक्कम. आज क्रोमचं काम करावं, उद्या क्रोमचाच तळ उडवावा, कुणी जाब विचारत नाही. गेम नीतीचा एक शब्दही बोलत नाही. पण खातं आटलेलं असताना संपकऱ्यांच्या कामाची रक्कम नजरेसमोर आली की बोट तिकडे वळतं, आणि आपण रक्कम आधी वाचली व मजकूर नंतर, हे खेळणाऱ्याच्या लक्षात येतं. एवढं काम करायला दुसऱ्या गेम्सना लांबलचक संवाद लागतात.

खातं उणे पन्नास हजारांच्या खाली गेलं तर काय होतं, हा या गेमचा सर्वात काळाकुट्ट विनोद आहे. खेळ संपत नाही. कर्जबुडव्या रेव्हनला एका प्रयोगासाठी ताब्यात घेतलं जातं, त्याच्या शरीरात यंत्रं बसवली जातात आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. फरक इतकाच, की आता त्याच्या अंगात काही जादा क्षमता आलेली असते. पुन्हा बुडालात तर आणखी एक. यातल्याच एका क्षमतेमुळे दोन पायांच्या यंत्राला तोफेसाठी गुडघा टेकावा लागत नाही. नवशिक्याला दिलेली ही सवलत आहे, पण सवलतीचं हे रूप पाहून अंगावर काटा येतो. काही मुरलेले खेळाडू मुद्दाम दिवाळं काढतात, ही त्यावरची कडी.

प्रतिस्पर्ध्यांत नाव घ्यावं ते ‘नाइन बॉल’चं. सर्व रेव्हन्समध्ये पहिल्या क्रमांकावर असलेलं हे लाल-काळं यंत्र, चालक ‘हसलर वन’. शेवटाकडे कळतं, की रेव्हन्सना कामं वाटणारी संस्था आणि हा अजिंक्य लढवय्या या दोघांमागे माणूस नाहीच. समतोल राखण्यासाठी बसवलेली एक यंत्रणा सगळं हलवते आहे. गेमनं हे दोन-चार तुटक वाक्यांत उरकलं आहे. खेळणारा बेसावध असेल, तर त्याला कळणारही नाही.

आज खेळताना खरी अडचण येते ती बोटांची. दोन अ‍ॅनालॉग काड्यांचा ड्युअलशॉक पॅड जपानमध्ये आला १९९७च्या नोव्हेंबरात, म्हणजे या गेमनंतर. त्यामुळे चालणं आणि वळणं बाणांच्या बटणांवर, बाजूला सरकणं व वर-खाली पाहणं खांद्यावरच्या चार बटणांवर. शत्रू डोक्यावरून उडाला की बोटांची गाठ बसते. यावर पॅड धरण्याच्या तऱ्हा निघाल्या आणि अशा एका पकडीला जपानी खेळाडूंनी गेमचंच नाव दिलं. चित्रांच्या बाबतीत मात्र यंत्रं सुदैवी ठरली. प्लेस्टेशनकडे मुख्य मेमरी होती जेमतेम दोन मेगाबाइट. इतक्यात माणसाचा चेहरा काढला की तो कागदी मुखवट्यासारखा दिसे. पोलादी पत्रा सपाट आणि कोनाकोनांचाच असतो, म्हणून तो अजूनही पटतो. भुयारांमुळे दूरचं काही दाखवायची गरजही उरली नाही.

त्या काळात इतरांनी यंत्रमानवाचा अनुभव हातांतून देऊ पाहिला. सेगाच्या ‘व्हर्च्युअल ऑन’ला दोन मोठ्या दांड्या होत्या. कॅपकॉमनं २००२मध्ये ‘स्टील बटालियन’ आणला, सुमारे चाळीस बटणं आणि तीन पेडलं असलेल्या टेबलभर नियंत्रकासह. त्यात स्फोटाआधी सुटकेचं बटण दाबलं नाही, तर साठवलेला खेळही पुसला जाई. थरार जबरदस्त, पण तो नियंत्रक ठेवायला आधी जागा हवी. ‘आर्मर्ड कोअर’ साध्या पॅडवर भागवतो आणि खिशाला हात घालतो.

पुढे या मालिकेचे बरेच भाग निघाले. चौथ्या भागाचं दिग्दर्शन केलं ते २००४मध्ये कंपनीत आलेल्या हिदेताका मियाझाकी यांनी. ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’मुळे नंतर त्यांचं नाव जगभर झालं. मग दहा वर्षांच्या खंडानंतर ऑगस्ट २०२३मध्ये सहावा भाग आला. तो देखणा आहे, वेगवान आहे, आणि मोहीम संपल्यावर तिथेही बिल येतं. पण मोबदला इतका सढळ, आणि जुन्या मोहिमा पुन्हा खेळून कमवायची इतकी सोय, की घाम फुटत नाही. कर्ज आता नायकाच्या गोष्टीत गेलं आहे. शरीरात फेरफार केलेला हा ‘६२१’ क्रमांकाचा नायक आपलं आयुष्य परत विकत घेण्यासाठी लढतो.

सहाव्यावरून पहिल्याकडे वळणाऱ्यांना एवढंच सांगावं: सुरुवातीला ऊर्जेची शस्त्रं घ्या, क्षेपणास्त्रं मोठ्या शत्रूंसाठी राखून ठेवा. आणि शेवटच्या मोहिमेला पट्ट्यांवरचं जडशीळ यंत्र घेऊन जाऊ नका. तिथे सरकत्या ठोकळ्यांवरून उंच चढायचं असतं आणि खाली पडलेल्यांची संख्या मोठी आहे.