बिरड्याचा फोटो

वालाचं बिरडं चवीला गुणी आणि फोटोत हट्टी. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलण्यात घरातल्या बाईची अर्धी दुपार जाते. नारळ, गूळ, आमसूल पडलं की वास ओटीपर्यंत येतो. पण मोबाइल समोर धरून फ्लॅश मारावा, तर स्क्रीनवर उरतो तो तपकिरी चिखल. खाल्लेल्याला त्यात बिरडं दिसतं; न खाल्लेल्याला काहीच दिसत नाही. गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा हा दुसराच असतो.

पेण तालुक्यात ही अडचण घरोघरची आहे. पेणचं नाव गणपतीच्या मूर्तींनी जितकं पोचवलं, तितकंच पोह्यांच्या पापडांनी आणि मिरगुंडांनी. पूर्वी माल ओळखीवर खपायचा, मुंबईची मावशी दहा पाकिटं न्यायची. आता पाकीट अनोळखी माणसाच्या व्हॉट्सॲपवर आधी पोचतं आणि तिथे ना वास असतो ना कुरकुर. मग बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, “एकदा चांगला फोटोवाला बोलवू या.” तो निवडायचा कसा, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

याच तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. तिथल्या अकरा व्रतांपैकी एक अस्वादाचं: जिभेचे लाड करायचे नाहीत, औषध घ्यावं तसं अन्न घ्यायचं. पदार्थ टिपणाऱ्याचा दिवस जवळून पाहिला की वाटतं, हे व्रत नकळत तोही पाळतो. समोर ताट वाढलेलं असतं आणि तासभर त्याला कुणी हात लावत नाही.

त्या तासात काय चालतं, ते पापडावर पाहू. सुरुवातीला ताटात येतो ‘डमी’, म्हणजे बदली पापड. त्याच्यावर प्रकाश बसवतात, कॅमेऱ्याची उंची ठरते. खिडकीला ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं मलमल लावून ऊन मऊ करतात. समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली उजळते. काळा पुठ्ठा ठेवला की ती गडद होते. पोह्यांच्या पापडावर समोरून उजेड टाकला तर तो नुसती पांढरी चकती दिसतो. उजेड मागून आला की फुगवटे, जिऱ्याचे ठिपके, कडेची तेलकट झाक सगळं उमटतं. एवढं जमल्यावरच कढई तापते आणि येतो ‘हिरो’, ढिगातून निवडलेला, न तुटलेला, सारखा फुललेला. पावसाळी हवेत तळलेला पापड बघता बघता सादळतो, म्हणून हाताशी एक नाही, वीस लागतात.

शेतात मडक्यात भाजतात त्या पोपटीची कसोटी याहून कडक. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात मडकं लागतं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन. तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब नाही. रात्र, धूर, भुकेली माणसं आणि मडकं उघडतं एकदाच. वाफ दिसते तीही मागून उजेड आणि पाठीशी अंधार असेल तरच. त्या दोन-तीन क्षणांसाठी फोटोवाल्याला मडकं चढण्याआधीच दिवा कुठे उभा करायचा हे ठाऊक हवं. “पुन्हा एकदा उघडा” असं पोपटीला सांगता येत नाही.

पदार्थ टिपण्याची ही कला फोटोग्राफीच्या बरोबरीनेच वाढली. इंग्लंडच्या फॉक्स टॅल्बटने १८४४ ते १८४६ या काळात हप्त्यांनी काढलेल्या छायाचित्रांच्या पुस्तकात फळांच्या परड्या आहेत. पुढे जाहिरातींनी तिला लबाडी शिकवली: आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, पाकाच्या जागी इंजिन ऑइल. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, भाज्या वर दिसाव्यात म्हणून. १९७०च्या सुमारास तिथल्या सरकारी आयोगाने ते प्रकरण धसाला लावलं. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने जाहीर केलं की हॉटेलांनी एआयने बनवलेले पदार्थांचे फोटो मेनूवर लावू नयेत. लोकांची तक्रार साधी होती: चित्रात एक, डब्यात दुसरंच.

म्हणून माणूस निवडताना त्याचे निवडक दहा फोटो पाहून भुलू नये. प्रत्येकाकडे दहा चांगले फोटो असतातच. एकाच कामाचे सगळे फोटो मागावेत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. पांढरा भात पांढराच दिसतो का, की निळसर किंवा पिवळा पडलाय? तळलेलं कुरकुरीत वाटतं का? आणि आमटी, उसळ, पिठलं अशा बिनरंगाच्या पदार्थाचं त्याने काय केलंय? केक आणि बर्गर कुणालाही साधतात. खरी परीक्षा बिरड्याची. ते तजेलदार दिसावं म्हणून कुणी रंग वाढवतो. जाणकार बाजूने उजेड घेतो, दाण्यांवर तेलाचा एक हात फिरवतो, खाली काळपट पितळी वाटी ठेवतो आणि वर ओलं खोबरं पेरतो. रंग तोच राहतो, पण दाणा न् दाणा वेगळा दिसतो.

पैशांचं बोलणं आधी आणि कागदावर. दर दिवसाचा की फोटोमागे? फोटो किती मिळणार, कधी? मांडणी करणारा स्टायलिस्ट वेगळा येणार की तोच दोन्ही करणार? सामान, भांडी, प्रवास, जीएसटी कुणाकडे? पदार्थ कुठल्या क्रमाने करायचे याची यादी आदल्या दिवशी स्वयंपाकघरात लागली पाहिजे, नाहीतर सोलकढी आधी येते आणि पापडाची पाळी येईपर्यंत तिचा थर बसतो.

एक मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. पण बरेच व्यावसायिक नेमका वेगळा करार करतात: वापर अमुक वर्षं, फक्त इंटरनेटवर, पाकिटावर छापायचा तर जादा. त्यात गैर काही नाही, मात्र सही करण्याआधी ते वाचलेलं असावं. हजार पाकिटं छापून झाल्यावर वाचून उपयोग नसतो.

विनोबांनी आईची एक आठवण सांगितली आहे. घरचा फणस पिकला की आई गरे द्रोणांत भरून आधी शेजारीपाजारी पाठवायची. घरच्यांच्या वाट्याला ते नंतर. शूटच्या दिवशी स्वयंपाकघराचा क्रम असाच असतो. उत्तम ते कॅमेऱ्यापुढे, म्हणजे न पाहिलेल्या गिऱ्हाइकापुढे. करणाऱ्या बायकांना आणि टिपणाऱ्याला उरतं ते गार झालेलं.

तरी अस्वादाचं हे व्रत शूटच्या दिवसापुरतंच बरं. पहिल्या भेटीला फोटोवाल्यापुढे बिरड्याची वाटी ठेवावी. जो लगेच मोबाइल काढतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा. जो बोटाने गूळ-आमसुलाचा अंदाज घेतो, दाणा दाताखाली दाबून पाहतो आणि “हे मऊ शिजलंय, पण मोडलेलं नाही, तेच दाखवायला हवं” म्हणतो, त्याच्याशी दराचं बोलावं.