काट्याला न दिसणारी चरबी

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! म्हणून लोणी-संगमनेरकडच्या सडपातळ माणसानेही वजनकाट्यावर विसंबू नये, पोटाचा घेर मोजावा. पुरुषाचा 90, बाईचा 80 सेंटिमीटरच्या आत हवा.

चरबी नुसती साठून राहत नाही, रक्तात प्रथिने सोडते. त्यातले अ‍ॅडिपोनेक्टिन इन्सुलिनला हात देते, आणि नवल असे की चरबी वाढली की तेच घटते. बायकांच्या रक्तात ते पुरुषांपेक्षा जास्त असते, चरबीतून येणारे दुसरे प्रथिन लेप्टिनही. बायका-पुरुषांना एकच मोजपट्टी लावणे मला चुकीचे वाटते. पाळी थांबल्यावर मात्र बायकांचीही चरबी पोटाकडे सरकते.