संगणकीय दप्तराचा भार व वेग

कर्जत-खालापूर प्रांतींच्या मोडी कागदांचीं छायाचित्रें विश्लेषणाच्या संगणक-प्रणालींत जशींच्या तशीं भरल्यास ती मंदावते. ८.२७ × ११.६९ इंचांचें एक पत्र दर इंचास ३०० बिंदूंनीं रंगीत टिपल्यास असंकोचित रूपांत सुमारें २६ मेगाबाइट होतें. अशीं हजार पत्रें म्हणजे २६ गिगाबाइट. दर इंचीं बिंदू निम्मे केल्यास भार चतुर्थांश होतो. परंतु आंकड्याचें वळण पुसटलें तर इनामाचे बिघेच बदलतात. तस्मात् आमचें मत असें कीं, मूळ प्रती प्रणालीबाहेर अबाधित राखाव्या. आंत लघुप्रती, लिप्यंतर व टिपणें एवढेंच घ्यावें, आणि प्रत्येकीवर रुमालाचा क्रमांक घालावा. मूळ प्रतींचें नांव वा स्थळ मागाहून बदलूं नये, दुवा तुटतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३०-३४ त पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापविले, रुमाल दफ्तरींच राहिले. तोच हा मार्ग होय.